अंधाऱ्या पंधरवड्यातली दारं

मी कपाट बोलतोय. आजच बोलतोय, त्याला कारण आहे. काल माझी दोन्ही दारं काढून ओटीवर भिंतीला टेकून ठेवली. भाविकाच्या साड्या, गोधड्या, पापडांचे डबे, वरच्या कप्प्यातलं देवाचं सामान, सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतंय. एवढं उघडं पडल्यावर मनातलं तेवढं झाकून काय ठेवायचं?

मी धसईला असतो, भाविकाच्या सासरी. जन्म मात्र माझा शहापूर तालुक्यातला, डोळखांबच्या बाजूच्या एका पाड्यावरचा. भाविकाची आई रंगू आणि बाप नवशा, यांच्या अंगणात मी झालो. सुताराच्या हातून झालो हे खरं. पण मला विचाराल तर मी एका नवसातून आणि एका शब्दातून झालो.

आधी नवसाचं सांगतो. माझे चार खांब तेव्हा रंगूच्या गोठ्याचे खांब होते, आणि गोठ्यापासून चार हातांवर फणस. म्हणून हे मी पाहिलेलं आहे. भाविका दोन वर्षांची असताना श्रावणात तापानं फणफणली. पोर डोळे उघडीना. नवशा जीप बघायला डोळखांबला पळाला आणि रंगू पोरीला मांडीवर घेऊन फणसाच्या बुंध्याला टेकून बसली. तिनं झाडाला हात लावला आणि म्हणाली, "पोर वाचू दे माझी. मी हाय तवर तुझ्यावर कुऱ्हाड पडू देनार नाय."

जीप आली, पोर वाचली. रंगूनं हे कुणाला सांगितलं नाही. बोललेला नवस फिटेपर्यंत पोटात ठेवायचा, असं तिच्या आईनं शिकवलेलं. आणि हा नवस तर एका नारळानं फिटणारा नव्हता, जन्मभर पाळायचा होता. दरवर्षी पहिला फणस ती गावदेवीला नेऊन ठेवायची, मगच घरात गरा खायची. बाकीच्यांना वाटायचं, हिचं आपलं काहीतरी असतं.

आता शब्दाचं. अठ्ठ्याण्णव साली भाविकाचं लग्न धसईच्या हरेशशी ठरलं. मुलगा मुरबाडला कारखान्यात कामाला, माणसं साधी, मागणं काही नाही. सुपारी फुटली आणि नवशाला आनंद आवरेना. भर मांडवात तो बोलून गेला, "माझ्या परसातल्या फणसाचं कपाट देईन लेकीला. जन्माला पुरंल असं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकट्या रंगूनं हातातलं तबक खाली ठेवलं आणि फणसाकडं बघितलं.

पाहुणे गेल्यावर तिनं नवऱ्याला सतरा-अठरा वर्षं पोटात ठेवलेलं सांगून टाकलं. नवशा कपाळाला हात लावून बसला.

"मग आधी नाय सांगायचं? चार मानसांत शब्द गेला माझा."

"सांगायचा नसतो म्हणून नाय सांगितला."

"मग आता काय करू? जाऊन सांगू, बायकोच्या नवसापायी कपाट नाय मिळत?"

रंगू पदराशी चाळा करत म्हणाली, "तुमचा जन्म नवसाचा, नाव पण नवसाचं. आन माझा एक नवस तुमाला जड झाला?"

यावर नवशाला हसावं की रडावं ते कळेना. दोघंही खरे होते, तीच तर पंचाईत होती. दोन दिवस घरात भांड्यांचेच आवाज ऐकू येत होते.

तिसऱ्या दिवशी वाळू सुतार आला. हा वाळू टोपल्या-सुपं विणणाऱ्या घरात वाढलेला आणि पुढे सुतारकी शिकलेला. त्यामुळे त्याच्या हातात दोन्ही कामं. त्यानं दोघांचं ऐकून घेतलं, चहा प्यायला आणि घराभोवती एक फेरी मारून आला.

"वैनी, जिवंत झाड कशाला पाडायचं? एवढं लाकूड मरून पडलंय तुमच्याकडं, त्याला आधी विचारू."

जुना गोठा तेव्हा पडायला आला होता. त्याचे सागाचे चार खांब वाळूनं ठोकून पाहिले. त्यातला एक खांब म्हशीनं वर्षानुवर्षं अंग घासून आरशासारखा गुळगुळीत केलेला. तो आजही माझा पुढचा डावा पाय आहे. कप्प्यांना मोडक्या बैलगाडीच्या फळ्या. पाठीला कारवीच्या काठ्यांचा कुड, जसा आपल्याकडे घरांना असतो तसाच. आणि दारं बांबूच्या पट्ट्यांची, चटईसारखी विणलेली. "वारा खेळंल," वाळू म्हणाला, "पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास यायचा नाय." खिळ्यांच्या जागी लाकडी खुंट्या, रंगाच्या जागी करंजाचं तेल.

नवशानं सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाला, "पन मी फणसाचं बोललोय रे."

रंगू उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दोन पाट होते. सासऱ्यांच्या काळात वादळानं फणसाची एक फांदी मोडली होती, तिचे केलेले. त्यातल्या एकावर ती मार्गशीर्षातल्या गुरुवारी घट मांडायची. हळदीकुंकवानं तो पाट लालपिवळा झालेला, आणि मधोमध तांब्याच्या कलशाचा गोल डाग.

"हे घे, वाळूदादा. आमच्याच फणसाचे हायत. ह्यांचा शब्द पन राहील."

"गुरुवारी मांडनी कशावर करशील?" नवशानं विचारलं.

"भुईवर. देव काय पाट बघून येतो?"

ते दोन पाट माझ्या सगळ्यात वरच्या कप्प्यात बसले. तो गोल डाग वाळूला रंधा मारून काढता आला असता. त्यानं काढला नाही.

इथपर्यंत सगळं गोड झालं. चूक झाली ती पुढे, आणि ती कुणा वाईट माणसाच्या हातून झाली नाही, रंगूसारख्या भल्या बाईच्या हातून झाली.

वाळू म्हणाला होता, "बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडू. चांदन्यात त्याच्या अंगात गोडी भरते आन गोडीवर किडा येतो."

रंगूला ते काही पटेना. "लेकीच्या संसाराची वस्तू आन अवसंच्या तोंडावर सुरवात? नाय बाबा. चैती पुनवंला तोड, मारुतीच्या जन्माला. देवाचा दिवस हाय."

वाळूनं कान खाजवला. "बांबूला देव कळत नाय, वैनी."

"मला कळतो ना. तू तोड."

वाळूनं पौर्णिमेला बांबू तोडला. रंगूनं त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. वैशाखात मी नवऱ्या मुलीबरोबर टेंपोत बसून धसईला आलो.

भाविकाची सासू जनाबाई. जिभेनं तिखट, पण ताटात वाढताना हात सढळ. माझ्याभोवती फिरून तिनं पहिलं विचारलं, "कपाट आनलंस का गो भिंत?" पण त्याच दिवशी माझ्या पाठीच्या कारवीला सारवायला तिनंच भाविकाला शेणमाती कालवून दिली. पावसाळ्यात शेजारच्या लोखंडी कपाटाला पाणी सुटलं, गंज धरला; माझ्यातल्या गोधड्या मात्र कोरड्या ठणठणीत. जनाबाईनं स्वतःचं ठेवणीतलं लुगडं गुपचूप माझ्यात आणून ठेवलं.

दिवाळीनंतर मला आतून करकर ऐकू यायला लागली. आधी वाटलं, उंदीर असेल. मग माझ्या दारांतून पिठासारखा पांढरा भुगा गळायला लागला.

भाविकानं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा घाबरून इकडे-तिकडे बघितलं आणि पदरानं पुसून घेतला. त्यानंतर ती रोज सगळ्यांच्या आधी उठून माझ्या पुढची जमीन झाडायची. आईला तिनं कळवलं नाही. नवसाचं तिला लग्नाच्या वेळी समजलं होतं. कपाट वाया गेलं असं कळलं तर बाबा शब्दासाठी फणस पाडतील, हे ती जाणून होती. पोरीनं सगळा भार केरसुणीवर घेतला होता. मला फार अपराधी वाटायचं. किडा माझ्या पोटात आणि झोप तिची जायची.

मग संक्रांत आली. लग्नानंतरची पहिली. जनाबाईनं सुनेसाठी काळी साडी घेऊन माझ्यात ठेवली होती. रंगू आणि नवशा वाण घेऊन आले, हलव्याचे दागिने आले, शेजारणी जमल्या. जनाबाईनं कौतुकानं साडी काढून झटकली, आणि काळ्या साडीवरून पांढरा भुगा सगळ्यांच्या देखत खाली पडला.

"तुझ्या कपाटाला दात फुटलेत गो," जनाबाई म्हणाली. हसल्यासारखं म्हणाली, पण तिला लागलं होतं. साडी तिनं हौसेनं आणली होती. मग ती नवशाकडे वळली. "फणस उभाच हाय ना अजून? मग त्याचंच खरं कपाट करून द्या लेकीला. बोलला होता तसं."

नवशानं मान खाली घातली. "देतो. उद्या जाऊन लावतो मानसं."

रंगू पुढे आली, माझ्याजवळ बसली. थोडा भुगा बोटांवर घेऊन तिनं चोळला. तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

"ईनबाय," ती जनाबाईला म्हणाली, "फणसाची चूक नाय, वाळूची पन नाय. माझी हाय. त्यानं सांगितलं होतं, पुनवंला बांबू तोडू नको. मीच हट्ट केला. देवाचा दिवस मी माझ्या मनानं ठरवला." आणि मग, सगळ्या शेजारणींसमोर, फणसाचा नवसही तिनं सांगून टाकला. "एक वर्स द्या मला. दारं नवी करते. पुढच्या संक्रांतीला हीच साडी हितनंच काढू. भुगा दिसला तर मी सोता फणसाची क्षमा मागून कुऱ्हाड लावायला सांगीन."

जनाबाईची नजर माझ्या वरच्या कप्प्यातल्या त्या गोल डागावर गेली. मार्गशीर्षातले गुरुवार तीही करायची. तो डाग कशाचा, हे तिला सांगावं लागलं नाही. "एक वर्स," ती म्हणाली.

पौष महिना, वद्य पक्ष, आणि अमावास्येला तीन दिवस उरलेले. रंगूच्या लेखी याहून वाईट मुहूर्त नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी ती वाळूबरोबर बांबूच्या बेटात गेली. वाळूनं पुढे मला सांगितलं, म्हणजे भाविकाला सांगितलं आणि मी ऐकलं, की कोयता उचलण्याआधी रंगू हात जोडून पुटपुटली, "अंधारा पंधरवडा पन तुझाच ना रे देवा? मग मी का भ्याले?"

बांबू ओढ्याच्या धारेत दगडांखाली महिनाभर बुडवून ठेवले. वाळू म्हणायचा, वाहतं पाणी उरलीसुरली गोडी काढून नेतं. मग सावलीत सुकवले, चिरले, करंजाचं तेल चोळलं. विणायला रंगू स्वतः वाळूशेजारी बसली. होळीच्या आधी नवी दारं मला लागली. जुनी दारं जनाबाईनं चुलीत घातली आणि त्यावर सगळ्यांना पुरणपोळ्या केल्या.

ते वर्ष मी श्वास धरून काढलं. भाविका रोज कान लावायची. पाऊस आला, गेला. दिवाळी आली, गेली. करकर नाही.

संक्रांतीला पुन्हा सगळे जमले. जनाबाईनं साडी काढली, उलगडली, झटकली. आणि काहीतरी पांढरं टपकन् खाली पडलं.

नवशानं डोळे मिटले. जनाबाई वाकली, तिनं ते चिमटीत उचललं, डोळ्यांजवळ धरलं आणि तोंडात टाकलं.

"तीळ हाय," चावत चावत ती म्हणाली. "मागल्या साली कुनी तरी हात न पुसता घडी घातली. बघताय काय? साडी नेसव गो कुनी तरी माझ्या सुनेला."

रंगू माझ्या खांबाला धरून रडली. म्हशीनं गुळगुळीत केलेल्या त्याच खांबाला.

पुढे हरेशनं स्लॅबचं घर बांधलं. स्वयंपाकघरात प्लायवूडचे कप्पे करायचं चाललं होतं; नमुन्याचा एक आणला, तर त्याच्या उग्र वासानं जनाबाईचे डोळे चुरचुरायला लागले. तिनंच वाळूला निरोप धाडला. आता या घरात जुन्या घराच्या दारांची मांडणी आहे, खिडक्यांना बांबूचे पडदे आहेत, मधे कारवीचा आडोसा आहे. मुरबाडहून बायका बघायला येतात. जनाबाई त्यांना आधी मला दाखवते आणि म्हणते, "हे आमचं जुनं मानूस."

माझ्या दारांना आता दहा वर्षं झाली. खालच्या बाजूनं वीण उसवली, हात लागून लागून पट्ट्या झिजल्या. कीड नाही, नुसतं वय. म्हणून काल ती उतरवली. खांब तेच राहतील, पाट तेच राहतील. दारं बदलायचीच असतात. मला त्याचं वाईट वाटत नाही.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. घरातलं जुनं लाकूड बाहेर टाकण्याआधी त्यावरून एकदा हात फिरवून बघा. त्यात कुणाचा घट मांडलेला असेल, सांगता येत नाही. आणि नवी दारं लागेपर्यंत माझ्यासमोरून जाल तेव्हा आत फार बघू नका. बायकांची लुगडी आहेत.

आज सकाळी भाविकानं माझ्यासमोर उभं राहून आईला फोन लावला. संक्रांत तोंडावर आलीय, पौषाचा काळोखा पंधरवडा लागलाय.

"आई, बांबू कदी तोडू?"

रंगूचा आवाज आता बारीक झालाय, पण फोनमधून मला स्पष्ट ऐकू आला.

"अवसंच्या आत तोड गो. भिऊ नको. हिकडं फणसाखाली दिवा मी लावते."