राजाचा डोळा

वासुदेवरावांच्या बैठकीत पलंगाएवढी काचेची टाकी होती आणि तिच्यात हातभर लांब अरवाना मासा. नाव राजा. घरावर येणारं संकट हा मासा स्वतःवर घेतो आणि मरून जातो, असं कुण्या वास्तुवाल्यानं सांगितलं, तेव्हापासून घरात दोनच जीव मोलाचे उरले: वासुदेवराव आणि राजा. कोकिळाबाई, म्हणजे बायको, ही दोघांना खाऊ घालायला होती. राजापुढं जिवंत मासोळ्या टाकायचं कामही तिचंच. तिला दिसत नसे, नुसता पाण्यातला ‘खट्’ आवाज ऐकू येई.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. घर सावंगीतच, गच्चीवरून डोळ्यांची ऑपरेशनं होतात तो मोठा दवाखाना दिसतो. म्हणजे बाकीच्यांना दिसतो. ऑपरेशनचं नाव काढलं की वासुदेवराव म्हणत, “थांब नं वं, आधी राजाचं होऊ दे.”

राजाचंही डोळ्याचंच होतं. कोंबडीचे चरबीदार तुकडे खाऊ घालून घालून त्याच्या डोळ्यामागं चरबी साचली आणि उजवा डोळा खाली लोंबला.  वासुदेवरावांनी नागपूरहून माशांचा जाणकार बोलावला. त्यानं टबातल्या पाण्यात लवंगेचं तेल टाकून राजाला झोपवलं, चरबी कापून काढली आणि बजावून गेला: जखम भरेपर्यंत रोज असंच झोपवून मलम लावा. तेल थेंबाथेंबानंच. जास्त झालं तर उठणार नाही.

तेल टाकायचं काम अर्थातच कोकिळाबाईच्या गळ्यात आलं.

“मले थेंब दिसत नाई जी.”

“भाजीत मीठ पाहून टाकतं का? टाक अंदाजानं. अन् मेला ना, त मंग पाह्यजो तू!”

ती बाटलीच्या तोंडाशी बोट धरायची. बोटाला एकेक थेंब लागला की तिला कळायचं. असा तिनं तो मासा जगवला. जखम भरत आली. वासुदेवराव टाकीला नाक लावून ओरडले, “पाह्य, कसा झाला! काचेवानी साफ!”

कोकिळाबाईनं पदर सावरला. “मंग आता माह्या डोळ्याचं पाहाल ना?”

“आता कसं? डावा बी लोंबून राह्यला ना त्याचा.”

 वासुदेवराव मलम आणायला आत गेले. तिनं राजाला टबात घेतलं, बाटली उघडली आणि या वेळी बोट धरलं नाही. सगळी ओतली. बैठकभर लवंगेचा वास सुटला. माशाच्या गालावर तळहात ठेवून ती बसली. कल्ले हलत होते. मग सावकाश हलले. मग थांबले. तरी तिनं हात काढला नाही.

वासुदेवराव आले आणि किंचाळले. “मारलं काय वं त्याले, आंधळे!”

तिनं वाक्य तयार ठेवलं होतं. “तुमच्यावरचं संकट घेतलं जी त्यानं. हात जोडा.”

 वासुदेवरावांनी छाती चाचपली.

“माह्यावर कोन्तं संकट? मी त ठणठणीत हाओ.” मग त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं. आवाजात आनंद मावेना. “अवं, डोळ्याचाच आजार होता ना त्याले! तुह्या डोळ्यावरचं घेतलं त्यानं! आता ऑपरेशन कायले पायजे?”

संध्याकाळी शेजारची जिजाबाई नारळ घेऊन आली. “नशिबाची हायेस बाई! मुक्या जीवानं डोळे देल्ले तुले.”

वासुदेवरावांनी बायकोच्या तोंडापुढं पंजा नाचवला. “सांग, किती बोटं?”

“दिसत नाई.”

“दिसन, दिसन. घाई काऊन करतं?”

“अन् नाईच दिसलं त?”

“त दुसरा आणू,” वासुदेवराव म्हणाले. “टाकी त हायेच.”