खंडाच्या दिवशीचं पाणी

सकाळी सहाला नळ आधी खाकरायचा, मग पाणी यायचं. त्याआधी कोपऱ्यावरच्या पाइपावर लोखंडी चावीचे तीन ठोके पडायचे. अर्ध्या गावाचं पाणी सोडणारा झडपवाला खड्ड्यात उतरण्यापूर्वी सगळ्यांना असं उठवायचा. पालिकेच्या सदस्य असलेल्या ताईंच्या सासूबाई म्हणायच्या, "उठा, जावईबापू आले."

महिन्यापूर्वी तो त्याच खड्ड्यात गुदमरून गेला. नवा माणूस ठोके देत नव्हता. तरी ताईंना ते रोज ऐकू येत.

एके सकाळी झडपवाल्याची बायको दारात येऊन उभी राहिली. ताईंनी बसा म्हटलं, पण ती बसली नाही. नवरा कामावर असताना गेला असं ठरलं, तरच तिला मदत मिळणार होती आणि टाकीमागची पालिकेची खोली राहणार होती. कार्यालयाचं म्हणणं, त्या दिवशी तो कामावर नव्हताच. तो त्याचा खंडाचा दिवस होता.

ही पालिकेतली जुनी रीत. रोजंदारीवरच्या माणसाचे अकरा महिने भरले की एक दिवस त्याला काढल्याचं दाखवायचं आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यायचं, म्हणजे तो कधी कायम होत नाही. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. पाणी मात्र त्या दिवशीही लागायचंच, म्हणून तो बिनहजेरीचा यायचा.

"मी म्हणायचे, आज तरी झोपा," ती सांगत होती. "तर म्हणायचे, लोकांनी तोंडं कशानं धुवायची? ताई, त्या दिवशी तुमच्याकडे पाणी आलं होतं का, एवढंच सांगा."

ताईंना ती सभा आठवली. खंडाची रीत चालू ठेवायची आणि पाणी वर्षाचे सगळे दिवस सोडायचं, हे दोन्ही ठराव एकाच सभेत झाले होते. दोन्हींना त्यांनी हात वर केला होता. मध्ये फक्त चहा आला होता.

पुढच्या सभेत तिचा अर्ज सातवा होता. अध्यक्षांनी विचारलं, तो कामावर होता याला साक्षीदार कोण? मागून कुणीतरी म्हणालं, खड्ड्यात पोहायला उतरला असेल. दोघं-तिघं हसले.

ताई उठल्या. 

"साक्षीदार मी. तीन ठोके मी ऐकले. त्या दिवशी पाणी दुपारपर्यंत थांबलंच नाही. आम्ही खूश झालो. मी घरातले सगळे पडदे धुतले. झडप बंद करून तो वर का आला नाही, हे माझ्या मनातही आलं नाही." त्या लेखनिकाकडे वळल्या. "त्याला त्या दिवशी काढणारा हातही माझाच होता. लिहून घ्या. आणि त्या दिवशी ज्यांच्या घरी पाणी आलं, त्यांनी हात वर करावा."

बराच वेळ त्यांचा एकटीचाच हात वर होता. मग खिडकीजवळचा एक हात उठला, मग आणखी काही. हसणाऱ्यांपैकी एकानं मान खाली घालून हात वर केला. लेखनिक मोजू लागला आणि मध्येच थांबला. त्यानं स्वतःचाही हात वर केला.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधीच ताई खंडाची रीत बंद करण्याचा ठराव लिहायला बसल्या होत्या. कोपऱ्यावर कुणीही नव्हतं. तीन ठोके पडले. ते थांबावेत असं त्यांना आता वाटत नव्हतं.