बोटभर उंचीची अक्षरं

शिवणवाल्या बाईंच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नाही, त्याला तीन वर्षं झाली होती. "सुईत दोरा ओवता ओवता डोळे गेले. पडद्यावर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हणे. वाचनालयात तशी सोय कराल का?" एवढंच बाईंनी विचारलं होतं. काचेवर वाचणं हे काय वाचणं, म्हणून ग्रंथपालांनी नाक मुरडलं आणि पत्र खणात ढकललं. दर शुक्रवारी पुस्तक बदलायला येणाऱ्या बाई पुढे यायच्याच बंद झाल्या. निवृत्तीच्या दिवशी खण रिकामा करताना मात्र ते पत्र फेकवेना.

आता त्यांच्याच डोळ्यांनी दगा दिला होता. नातीचा टॅब ते वर्तमानपत्राआड लपवून वाचत.

"आजोबा, पेपर उलटा धरलाय तुम्ही!" एका दुपारी नातीने चोरी पकडली.

"हळू बोल गं, आजी ऐकेल. जन्मभर नावं ठेवली मी याला."

"आणि अक्षर केवढं! पानावर चारच ओळी!"

ती खिदळली. त्यांचा चेहरा मात्र उतरला. बाईंनी तरी याहून जास्त काय मागितलं होतं?

त्यांनी नातीचा जाड मार्कर मागून घेतला. "तुमचं बरोबर होतं. चुकलो मी. टॅब घेऊन येऊ का?" बोटभर उंचीच्या अक्षरांत एवढ्यालाच सहा कागद लागले. फुगलेलं पाकीट टपालपेटीच्या फटीत अडलं. त्यांनी ते अंगठ्याने आत ढकललं.