आईच्या खोलीपर्यंत न पोहोचलेली वाफ

मला माझ्या भावाची किळस येते. सख्ख्या भावाबद्दल असं बोलू नये म्हणणाऱ्यांनी झेनेकला नाताळच्या आदल्या दिवशी बघायला हवं होतं. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि हा बनियन-अर्ध्या चड्डीत सोफ्यावर पसरलेला. घामाने बनियन पोटाला चिकटलेलं. खिडकी सताड उघडी, कारण साहेबांना उकडत होतं. अमेरिकेतल्या बफेलोत, ऐन डिसेंबरात!

"ये हालिना, बघ!" मी बूट काढायच्या आत त्याने सुरुवात केली. "खालच्या सगळ्या रेडिएटरांना मोठ्या तोंडाच्या झडपा बसवल्या. बॉयलर पेटला की खोली चटकन तापते आणि बॉयलर लगेच बंद. गॅस किती वाचतोय! बॉयलर आजोबांच्या काळातला, डोकं मात्र माझं."

"आई कुठाय?"

"वर. झोपली असेल."

आई झोपली नव्हती. ओव्हरकोट घालून, लोकरी टोपी कानांवर ओढून पलंगावर बसली होती. बोलताना तिच्या तोंडातून वाफ निघत होती. त्या खोलीतली वाफ काय ती तेवढीच. बॉयलरची वाफ ज्यात येऊन खोली तापवते, तो लोखंडी रेडिएटर थंडगार. त्याच्या बुडाशी गळणारं पाणी धरायला ठेवलेली ताटली, तिच्यात गंजाचा लाल चिखल आणि त्यात मेलेल्या माश्या. कित्येक दिवसांत ती कुणी उचललीही नव्हती.

"एवढी काही थंडी नाही गं," आई म्हणाली. "झेनेक सांगतो, जुनी वाफ वरपर्यंत चढत नाही. त्यात त्याचा काय दोष? म्हणून तर नवीन वर्षात तो आणि त्याची बायको मला वृद्धाश्रमात ठेवणार आहेत. तिथे गरम असतं म्हणे."

"तुला जायचंय?"

"मला कशाला जायचंय? तुझे बाबा याच खोलीत गेले, मीही इथूनच जाईन. पण पोराला त्रास नको."

वाफ चढत नाही म्हणे! रॉचेस्टरला माझ्या घरीही हीच वाफ आहे, आणि ती तिसऱ्या मजल्यावर चढते. रेडिएटरमधली हवा झडपेतून बाहेर पडली, की तिच्या जागी वाफ येते. झेनेकच्या खोलीत मोठ्या झडपेतून हवा भसाभसा सुटणार, खोली तापणार, आणि ऊब मोजून बॉयलर बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट नेमका त्याच्या सोफ्याच्या वर. त्याला ऊब लागली की बॉयलर बंद. वाफ निम्म्या जिन्यापर्यंत यायची आणि विरायची. आईच्या रेडिएटरची झडप तर रंगाच्या थरांनी बुजून गेलेली. गॅस वाचत होता तो आईला गारठवून, आणि हा त्याची बढाई मारत होता.

मी बॉयलर बंद केला. रेडिएटर गार झाल्यावर पान्याने सोफ्यामागची मोठी झडप काढून आईकडे लावली, आणि त्याच्या रेडिएटरला कपाटात पडलेली जुनी, बारीक तोंडाची.

"कर, कर, तुझी हौस भागव," झेनेक म्हणाला. "उगाच हात काळे करतेयस."

बॉयलर पुन्हा पेटवला. थोड्या वेळाने आईच्या रेडिएटरची झडप फुसफुसू लागली. नळी तापली, मग त्याची एकेक लोखंडी फासळी. आईने आधी टोपी काढली, मग ओव्हरकोट काढून खुंटीला लावला आणि लहान मुलीसारखी जिन्यात जाऊन ओरडली, "झेनेक, वर ये! आता मला कुठे जायला नको!"

झेनेक आणि त्याची बायको डार्लीन वर आले. झेनेकने रेडिएटरला हात लावला आणि पटकन मागे घेतला.

"अगं बाई, मस्तच तापलं की!" डार्लीन म्हणाली. "म्हणजे ब्रेंटला वेगळा हीटर घ्यायला नको."

झेनेकने तिच्याकडे डोळे वटारले, पण उशीर झाला होता. ब्रेंट म्हणजे त्यांचा थोरला, नोकरी सोडून घरी परत येणारा, आणि आता कळलं, याच खोलीत राहणारा. त्याची खोकी आईच्या खोलीबाहेरच्या बोळकांडीत चादरीखाली रचून ठेवली होती. आईने दारातून त्या चादरीकडे पाहिलं. मला मात्र त्या दोघांच्या अंगावर थुंकावंसं वाटलं.

पहिली चांदणी दिसल्यावर आम्ही टेबलाशी बसलो. बिटाचं सूप, खारवलेली हेरिंग मासळी, पिएरोगी म्हणजे कोबी भरून उकडलेल्या करंज्या. चांदणी दिसेपर्यंत उपास, म्हणून सकाळपासून सगळे उपाशी. आमच्या पोलिश घरांत त्या संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात पिठाचा एक पातळ पापुद्रा असतो; एकमेकांच्या हातातला तुकडा मोडायचा, माफी मागायची, आणि सगळ्यांचं मोडून झाल्याशिवाय चमच्याला हात लावायचा नाही. दुश्मनालाही कुणी नाही म्हणत नाही.

"आई, चुकलंमाकलं माफ कर," झेनेकने पापुद्रा पुढे केला. नजर सूपवर.

आईने हात मांडीवरून उचलला नाही. "आधी ब्रेंटची खोकी खाली आण."

"आत्ता? सूप गार होतंय."

"होऊ दे."

"जेवून आणतो ना, आई."

"मग जेव. मी कुठे धरून ठेवलंय?"

त्याने चमच्याकडे पाहिलं. डार्लीनने मान खाली घातली. त्याचं पोट गुरगुरलं, ते सगळ्यांना ऐकू आलं. शेवटी खुर्ची मागे ढकलून तो उठला. जिन्यावरून खोकी धडाधडा उतरू लागली. मग तो धापा टाकत आला आणि पुन्हा पापुद्रा पुढे केला.

"सगळी आणलीस?" आईने विचारलं.

"दोन राहिलीत. जड आहेत गं."

"आण मग," आई म्हणाली, आणि सूपवर झाकण ठेवलं.