दाराचा आवाज

माणसाची पारख मी त्याच्या गाडीचं दार लावून करतो. 'धप्प' असा भरीव आवाज आला तर पुढे बोलायला हरकत नाही. 'टण्ण' झालं की समजायचं, कंपनीने याच्या तोंडाला पानं पुसली. सुरतेत जिकडेतिकडे टण्णच. लोक पत्र्याचे डबे घेतात आणि वर सनरूफ मागतात. मे महिन्यात पांडेसऱ्याच्या सिग्नलला टाळू भाजून निघते, तिथे यांना छताला खिडकी हवी. एसी कमी करायचा तर काचेच्या पाटीवर बोट घासत बसायचं, त्याला म्हणे तंत्रज्ञान. डिकीत सीएनजीची टाकी, म्हणून बॅगा मांडीवर. आणि ते तीन सिलिंडरचं इंजिन! सिग्नलला उभं राहिलं की हिवताप भरल्यासारखं थरथरतं.

मी बमरोलीच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये मेंटेनन्सला आहे. पंप, बॉयलर आणि बेअरिंग यांच्यात आयुष्य गेलं, त्यामुळे यंत्राची लबाडी मला लगेच कळते. माझी स्वतःची गाडी जुनी, परदेशी बनावटीची, डिझेल. खांब जाड, पत्रा जाड, दार लावलं की धप्प. मागच्या दिवाळीत तिला तपकिरी चामड्याची सीट कव्हरं शिवून घेतली. कारागिराला सांगितलं होतं, एक सळ दिसता कामा नये. "सेठ, टेन्शन मत लो," तो म्हणाला, आणि खरंच दिसत नाही.

अशा माझ्याकडे माझ्या बहिणीने, सुमनने, एका मुलाचा निकाल सोपवला होता. तिची मुलगी साक्षी सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्यात लॅबला आहे. तिथल्याच सुशांत नावाच्या मुलाशी तिला लग्न करायचं होतं. साक्षीला वडील नाहीत, त्यामुळे मामाने हो म्हटल्याशिवाय सुमन पुढे सरकणार नव्हती. साक्षीने मला आधीच गाठलं होतं.

"मामा, माणूस बघा. गाडी नका बघू. तुम्ही नाही म्हणलात की मम्मी पण नाहीच म्हणणार."

"गाडीत माणूस दिसतोच," मी म्हटलं.

रविवारी बारडोलीला त्याचं घर बघायला जायचं होतं. तो आम्हाला न्यायला आला. पांढरी हॅचबॅक. उतरून "जय भीम, मामा" म्हणाला आणि दार लावलं. टण्ण. इंजिन चालूच होतं. मी बॉनेटवर हात ठेवला, तीच थरथर, तीन सिलिंडर. आत सीटवर पिवळी टॉवेलची कव्हरं, न्हाव्याच्या दुकानात शोभतील अशी. मागच्या सीटवर तर टॉवेलला भोकं पाडलेली आणि कडेने वेडेवाकडे टाके घातलेले.

"उंदीर लागलेत का?" मी विचारलं.

"नाही मामा, मीच कापलंय," तो म्हणाला. का कापलंय हे विचारण्याच्या लायकीचं ते मला वाटलं नाही.

"टकरीच्या चाचणीत हिला तारे किती मिळाले, माहीत आहे का?"

"दोन. म्हणून तर हळू चालवतो."

हळू चालवतो म्हणे. मी सुमनकडे बघून नाक मुरडलं. साक्षीचा चेहरा उतरला. "आपण माझ्या गाडीतून जाऊ," मी सांगितलं. "पोरीला पहिल्यांदा त्या घरी न्यायचं, ते काय असल्या डब्यातून?"

सगळे माझ्या गाडीकडे आले. सुशांतने साक्षीसाठी मागचं दार उघडलं, आणि तिला बसू न देता स्वतःच आत वाकला. सीटच्या खाचेत हात घालून चाचपू लागला. माझ्या चामड्यावर त्याची बोटं फिरताना बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काय हरवलंय?"

"मामा, मागच्या सीटबेल्टची बक्कलं कुठंयत?"

"कव्हरखाली. मागं कोण लावतं पट्टा?"

तो बाहेर आला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आमच्या प्लँटमध्ये हेल्मेटबिगर कोणालाच आत सोडत नाहीत, मग साहेब का असेना," तो म्हणाला. "राग नका मानू मामा. साक्षीला अन् काकूंना मी यात नाही बसवणार."

आणि त्याने माझ्या गाडीचं दार लावलं. धप्प.

सुमनने पदर तोंडाला लावला. साक्षीने तर डोळेच मिटले. माझ्याकडे मुलगी मागायला आलेला पोरगा तिला माझ्याच गाडीत बसू देत नव्हता. माझ्या डोक्यात सणक गेली. जाड पत्रा, जाड खांब, सगळं तोंडाशी आलं, पण यातलं काहीही मागच्या सीटवरून पुढे फेकल्या जाणाऱ्या माणसाच्या उपयोगाचं नसतं, हे मिलच्या कँटीनमध्ये मीच सगळ्यांना ऐकवतो. एक सळ दिसू नये म्हणून बक्कलं दाबून टाकायलाही मीच सांगितलं होतं, आणि त्या सीटवर दिवाळीपासून साक्षीच बसत होती. समोर तो पोरगा उभा होता. आता आपल्याला मुलगी मिळत नाही हे त्याला कळलं होतं. तरी दारापासून हलत नव्हता.

मी किल्ली खिशात टाकली आणि जाऊन त्याच्या डब्यात मागे बसलो. गुडघे पुढच्या सीटला टेकले. टॉवेलच्या भोकातून बक्कल वर आलेलं होतं, हाताला लगेच सापडलं.

सुमन पुढे बसली आणि वळून म्हणाली, "दादा, काय म्हणतोस?"

"गाडी भिकार आहे."

"अन् मुलगा?"

"तारीख काढा," मी म्हटलं.

साक्षी माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने दार ओढलं. पुन्हा तेच टण्ण. मी तिचा पट्टा ओढून बक्कलात बसवला, एकदा हिसका देऊन बघितला, आणि मगच सुशांतला निघायला सांगितलं.