थेंबांच्या आधी सही

माझ्या भाच्याला ज्याने गोळी घातली, तो माणूस एका मंगळवारी दुपारी माझ्या दुकानात डोळे तपासून घ्यायला आला.

तोंडावरून मला तो ओळखू आला नाही. खटला चालू होता तेव्हा मी एकदाही कोर्टात गेलो नव्हतो. बहीण जायची, एकटी. दुकान बंद ठेवून कसं चालेल, असं मी तिला सांगायचो. खरं म्हणजे मला भीती वाटायची. त्या माणसाकडे बघून माझ्याच्याने काहीही होणार नाही, हे तिला दिसेल याची. नाव मात्र पाठ होतं. त्याने फॉर्म काउंटरवर ठेवला, मी ते नाव वाचलं आणि उगीचच चष्मा काढून पुसला.

फॉर्म पिस्तुलाच्या परवान्याचा होता. हत्यार परत मिळण्यासाठी दृष्टीचा दाखला हवा होता.

माझा भाचा पाणीखात्यात मीटर वाचायचा. या माणसाने, आम्ही त्याला घरात बंगलेवाला म्हणतो, मुख्य नळाला चोरून दुसरी जोडणी घेतली होती. भाच्याने ती पकडली आणि तोडायला लावली. दोन आठवड्यांनी तो पुन्हा मीटर वाचायला त्याच फाटकातून आत गेला. संध्याकाळचे सहा वाजले होते. अंगात खात्याचा निळा शर्ट होता, खिशावर बिल्ला होता. व्हरांड्यातून गोळी आली. सव्वीस वर्षांचा होता.

कोर्टात बंगलेवाला बाटलीच्या बुडासारख्या काचांचा चष्मा लावून, पुतण्याचा हात धरून पिंजऱ्यात चढला. म्हणाला, "मला धड दिसत नाही. कोणीतरी अंगावर येतंय एवढंच कळलं. जिवाच्या भीतीने झाडली." गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरने तशी साक्षही दिली. भीती खरी धरली गेली आणि तो सुटला. पिस्तूल तेवढं अडकून राहिलं. ज्याला दिसत नाही त्याच्या हाती ते कसं द्यायचं? आधी डोळे नीट असल्याचा दाखला आणा, असं त्याला सांगण्यात आलं.

दाखले देणाऱ्यांच्या सरकारी यादीत दोनच नावं आहेत, त्या डॉक्टरचं आणि माझं. त्या डॉक्टरकडे तो कोणत्या तोंडाने जाणार?

अपिलाची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. वकील बहिणीला म्हणाला होता, "नवीन काही हाताशी असेल तर आणा, ताई. नुसत्या रडण्यावर अपील उभं राहत नाही."

आणि हा माणूस आज चष्म्याशिवाय, एकटा, गाडी चालवत आला होता.

"बसा," मी म्हणालो. आवाज नेहमीसारखाच निघाला याचं मला नवल वाटलं.

"लवकर आटपा हं, काका. कधीपासून घरात हत्यार म्हणून एक सुरी आहे, तीही बोथट."

"इतकी भीती वाटते?"

"अहो, दिवस कसले आलेत! पोलीस येतात ते पंचनाम्याला. तोवर माणूस गार. आपला जीव आपणच राखायचा. मी तर म्हणतो प्रत्येकाकडे एक हवंच. तुम्हीसुद्धा ठेवा खणात."

"माझ्याकडून कोण काय नेणार? चष्मा चोरला तर आधी नंबर जुळवत बसावं लागेल."

तो खो खो हसला. हसणं चांगल्या माणसासारखं होतं, आणि तेच मला सहन होईना.

सामान्य माणसाने जवळ शस्त्र बाळगावं की नाही, यावर वर्तमानपत्रात पत्रं येतात. मी ती सगळी वाचतो आणि दोन्ही बाजू मला पटतात. हा माझा जुना दोष. त्या दुपारी एकच पटत होती. माझ्या खणात पिस्तूल असतं तर मी ते काढलं असतं. नंतर कोर्टात सांगितलं असतं की, मी घाबरलो होतो. आणि ते खोटंही ठरलं नसतं.

पण खणात स्क्रू, नाकपट्ट्या आणि चामड्याचे तुकडे होते. म्हणून मी दिवा लावला.

तक्ता पाठ करून येणारे पुष्कळ असतात. बाकावर बसल्या बसल्या पडद्याच्या फटीतून वाचून ठेवतात. त्यामुळे माझ्याकडे तीन तक्ते आहेत, आणि मी ते मध्येच बदलतो. त्याने तिन्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. उजवा डोळा, डावा डोळा, चष्म्याशिवाय. कुठे अडखळला नाही.

मग मी खिडकीचं दार ओढून घेतलं आणि दिवा मंद केला. संध्याकाळी सहाला जेवढा उजेड असतो, अंदाजाने तेवढाच.

"आता?"

"आताही तेच. सात, दोन, नऊ, चार, चार. काका, माझी नजर घारीची आहे. जन्मापासून."

मी खिडकी पुन्हा उघडली. "समोरच्या दुकानात कोण बसलंय?"

समोर न्हाव्याचं दुकान आहे. रस्ता अरुंद, दहाबारा पावलांचा. फाटकापासून व्हरांडा तेवढाच लांब होता, असं बहिणीने सांगितलं होतं. ती ते पावलांनी मोजून आली होती.

"न्हावी उभा आहे, गिऱ्हाईक बसलंय. डोक्यावर चार केस नाहीत, काय कापतोय देव जाणे!"

"न्हाव्याच्या खिशाला काय आहे?"

"कंगवा. लाल. आणि एक पेन." तो माझ्याकडे वळला. "हेही फॉर्ममध्ये असतं का?"

"नाही. मी आपलं खात्री करून घेतो."

मग त्याची हनुवटी यंत्रावर टेकवून मी डोळ्यांत बारीक उजेड सोडला. मोतीबिंदू काढून मध्यंतरी नवीन भिंग बसवलं असेल, तर आजच्या नजरेला काही अर्थ नव्हता. मग तेव्हा त्याला दिसत नव्हतं हे खरंही असू शकलं असतं. मी मनात काय मागत होतो ते लिहायला लाज वाटते. मी मागत होतो की, या माणसाचे डोळे निरोगी असू देत. पन्नाशीच्या मानाने भिंग स्वच्छ होतं आणि जन्माचंच होतं. म्हणजे त्याने निळा शर्ट पाहिला होता. बिल्ला पाहिला होता. चेहरा पाहिला होता, आणि चेहरा ओळखून मगच नेम धरला होता.

"आता थेंब टाकायचे," मी म्हणालो. "त्याने जवळचं काही वेळ वाचता येणार नाही. म्हणून सही आधी करा."

फॉर्मच्या तळाशी छापलेलं असतं: गेल्या तीन वर्षांत माझ्या दृष्टीत बदल झालेला नाही व डोळ्यांवर शस्त्रक्रिया झालेली नाही. भाच्याला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं.

त्याने पेन टेकवलं आणि थांबला. ओठ हलवत ओळ पुन्हा वाचली.

"हे कशाला लागतं?"

"सही नसेल तर कार्यालय कागद परत पाठवतं. मग पुन्हा महिनाभर."

"पुन्हा महिना!" तो कुरकुरला. "हे फक्त परवान्याच्या कचेरीत जातं ना?"

"एक प्रत तिकडे जाते, एक तुम्हाला, एक माझ्या फाईलला."

मी कोण आहे हे त्या क्षणी त्याला सांगायला हवं होतं का? मला अजून ठरवता येत नाही. त्याने विचारलं असतं तर खोटं बोलण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. पण चष्मेवाल्याला कोण विचारतं, तुमची बहीण कोण म्हणून?

त्याने सही केली. तिन्ही प्रतींवर, ठळक, खाली रेघ ओढून.

"मान मागे घ्या. डोळे उघडे ठेवा."

त्याने मान मागे टाकली. गळा वर आला. माझ्या अंगठ्याने मी त्याची पापणी ओढून धरली. फळीवर थेंबांची बाटली होती. तिच्या शेजारी फ्रेमला लागलेला डिंक काढायच्या द्रावणाची, त्याच आकाराची, लाल टोपणाची. त्या द्रावणाने प्लॅस्टिक विरघळतं. माझा हात लाल टोपणावर गेला आणि तिथेच राहिला. किती वेळ, सांगता येणार नाही.

"काका, झोप लागली की काय?"

"जरा झोंबेल," मी म्हणालो, आणि दुसरी बाटली उचलली.

थेंब चढल्यावर पाहिलं, डोळ्याच्या आतला पडदाही निरोगी होता. मी दाखला लिहिला. दोन्ही डोळे पूर्ण दृष्टी, चष्म्याशिवाय. मंद उजेडातही तीच. मोतीबिंदू किंवा शस्त्रक्रिया नाही. अक्षर नीट काढलं. त्याने कागद हातात घेऊन जवळ धरला, लांब धरला.

"काय लिहिलंय, दिसेना की."

मी मोठ्याने वाचून दाखवलं.

"वा! एक नंबर." बाहेर उजेड होता, म्हणून मी त्याला काळा चष्मा दिला आणि कोपर धरून खाली उतरवलं. "पायरी आहे, सांभाळून. गाडी एवढ्यात चालवू नका, रिक्षा करा."

"तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो, काका."

तो गेल्यावर मी फाईलची प्रत खिशात घातली आणि दुकानाला कुलूप लावलं. पेशंटचा कागद बाहेर न्यायचा नसतो. चाळीस वर्षांत मी कधी नेला नव्हता. बहिणीच्या घरापर्यंत बसचे सहा थांबे आहेत, आणि प्रत्येक थांब्यावर वाटलं उतरावं, परत जावं, वकिलाने रीतसर मागवला तरच द्यावा. उतरलो नाही.

ती डाळ निवडत बसली होती. कागद दोनदा वाचून तिने गुडघ्यावर ठेवला. रडली नाही.

"त्याच्या एवढ्या जवळ होतास तू?"

"हो."

"पापणी धरली होतीस?"

"धरली होती."

"दादा, दुसरं काहीतरी टाकता आलं असतं ना रे त्याच्या डोळ्यांत?"

"आलं असतं. हात गेला होता."

"मग का नाही टाकलंस?" हा प्रश्न तिने रागाने विचारला नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं.

"आंधळा झाला असता तर कोर्टात त्याचंच खरं ठरलं असतं. मला त्याचे डोळे धडधाकट हवेत. त्याच्या सहीसकट."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी धाकट्या बहिणीच्या नजरेला इतका वेळ नजर कधी दिली नव्हती. मग तिने डाळीचं सूप बाजूला सारलं, पदराने हात पुसले आणि दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

"ऊठ," ती म्हणाली. "वकील सहाला घरी जातो. आणि या वेळी तू मागे राहायचं नाहीस."