डिस्ट्रिब्युटरवरचं कुंकू

नंदकुमारांची गाडी म्हणजे अख्ख्या शनवारा मोहल्ल्याची फुकटची करमणूक. चांगलं साड्यांचं दुकान आहे, पण या गृहस्थाला हौस कसली, तर जुन्या विलायती स्पोर्ट्‌स कारची! दोन माणसांची, बिनछपराची. दुकान बंद झालं की तिच्या पोटात डोकं घालून बसायचं. वंदनाताई म्हणायच्या, "सवत आणली असती तर निदान तिनं भांडी तरी घासली असती."

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ती चक्क सुरू झाली. नंदकुमारांनी भर गल्लीत जाहीर करून टाकलं, "उद्या सोनं द्यायला फोपनारला, वंदनाच्या माहेरी, हिच्यातूनच!" वंदनाताईंनी तिथंच अट घातली, "जेवणवेळेपर्यंत निघालो नाही तर माझा भाऊ सुधाकर जीप घेऊन येईल. मी त्याच्यासोबत जाईन, आणि हे धूड भंगारात." सुधाकर या गाडीचं नाव काढलं की पोट धरून हसायचा. नंदकुमारांना तेच झोंबायचं.

सकाळी पूजा. नारळ चाकापुढे जमिनीवर फोडायचा, ही रीत. पण हौसेला मोल नसतं बाप्पा! त्यांनी बॉनेट उघडलं, प्लगांना करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या टोपीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडू ठेवला आणि इंजिनाच्या लोखंडी कडेवरच नारळ हाणला. "मेहनत याची, मग मान चाकाला कशाला?" पाणी चौफेर उडालं. चावी फिरवली. इंजिन गरगर फिरलं, पण पेट काही घेईना.

झालं! शेजारचा अमोल धावत आला. "काका, पक्का वायरिंग गई!"

नंदकुमारांनी चावीपासून कॉइलपर्यंत एकेक वायर तपासली. तिथवर करंट ठणठणीत, प्लगपाशी मात्र ठिणगीचं नाव नाही. म्हणजे चोर मधे, त्या काळ्या टोपीखाली. हे त्यांना कळत होतं, पण हात धजेना. पूजा झालेली वस्तू दसऱ्याच्या दिवशी खोलायची नाही, ही वडिलांची शिस्त. म्हणून ते चांगले प्लग काढून पुन्हा पुसत बसले. रस्त्यावर कुठलाही हॉर्न वाजला की सुधाकरची जीप आली की काय, म्हणून गल्लीच्या तोंडाकडे बघायचे.

वंदनाताई नवी साडी नेसून बाहेर आल्या. नवरा प्लग पुसतोय आणि नजर मात्र टोपीवर, हे त्यांनी लगेच हेरलं. "ती टोपी का नाही उघडत?"

"आज नाही उघडता येत. पूजा झालीय."

"या घरात उपासतापास कोण करतं?"

"तू."

"मग मी सांगते ना, उघडा!"

तरी ते हलेनात. तेव्हा वंदनाताईंनी हात जोडले, झेंडू उचलून डोक्यात खोवला आणि टोपीची क्लिप स्वतःच काढली. दुसरी काढायचं कामच पडलं नाही. आदल्या दिवशीच्या आनंदात नंदकुमार ती लावायलाच विसरले होते. आत बघतात तर नारळाचं पाणी! वर खोबऱ्याचा तुकडाही.

"घ्या, देवानं प्रसाद ठेवलाय," म्हणत त्यांनी पदरानं सगळं कोरडं केलं.

"अगं, नवी साडी!"

"दुकान कोणाचं आहे?"

टोपी बसली, दोन्ही क्लिपा लागल्या. चावी फिरली आणि गाडी अशी काही गरजली की अमोलनं टाळ्या पिटल्या. नंदकुमारांना हसावं की रडावं कळेना. वंदनाताई आपट्याची पानं मांडीवर घेऊन शेजारी बसल्या.

"सुधाकर वाटेत भेटेल," ते मान उंच करून म्हणाले. "थांबवून दाखवू त्याला!"

"तो येत नाहीये. मीच सकाळी फोन करून त्याला नको म्हटलं."

"सकाळी? तेव्हा तर गाडी बंद होती! आणि सुरू झालीच नसती तर?"

"तर बसले असते इथेच, तुमच्या शेजारी," वंदनाताई म्हणाल्या. "चला आता."